मालाचा ऐब, माणसाचा ऐब

आमच्या दारात एक जुनी, परदेशी बनावटीची मोठी गाडी उभी असते. चारही चाकांना इंजिनाची ताकद देणारी, लोक जिला ‘फोर बाय फोर’ म्हणतात तशी. कंपनीचे नाव मुद्दाम सांगत नाही. नाव ऐकले की माणसे गाडीकडे न पाहता मालकाकडे पाहू लागतात. २००४ सालची ही गाडी आम्ही २०१७ साली मुंबईच्या एका गृहस्थांकडून घेतली. नवी असताना जिच्या किमतीत साताऱ्यात घर झाले असते, ती आम्हाला नव्या छोट्या गाडीच्या भावात मिळाली. मास्तरांना लॉटरी लागली, असे मोहल्ल्यात बोलले गेले.

लॉटरी कसली? अशा गाडीची किंमत वर्षागणिक उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. विकत घेताना ती छोटी असते, दुरुस्तीच्या बिलात पुन्हा मोठी होते. गॅरेजची दोन बिले भरल्यावर आम्हीच पाना-पक्कड हातात घेतली. निवृत्तीनंतर वेळ होता, पैसा नव्हता.

ही गाडी स्प्रिंगांवर नव्हे, हवा भरलेल्या रबरी फुग्यांवर तोललेली असते. रबर म्हातारे होते, त्याला बारीक चीर जाते आणि रात्रीतून गाडीचा एक कोपरा खाली बसतो. हवा भरणारा कॉम्प्रेसर ती तूट भरून काढायला पुन्हा पुन्हा चालतो आणि शेवटी जळतो. घाईची दुरुस्ती म्हणजे नवा कॉम्प्रेसर. खरी दुरुस्ती म्हणजे साबणाचे पाणी घेऊन गाडीखाली आडवे होणे आणि बुडबुडा कुठे येतो ते पाहत राहणे. ऐब शोधल्याशिवाय जात नाही, हे आम्ही तिथे पाठीवर पडून शिकलो.

पहिल्याच पावसाळ्यात दिवे आपोआप लागू-विझू लागले. सीट काढल्या, गालिचा उचलला. खाली वाळलेल्या मातीचा पातळ थर होता. सीटचे बोल्ट गंजलेले, वायरींच्या सांध्यांवर हिरवी बुरशी चढावी तसा तांब्याचा गंज. सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढला, तर त्यावर पाणी कुठवर चढले होते त्याची रेघ दिसली. खणातल्या जुन्या कागदांत ऑगस्ट २००५ चे एक बिल सापडले. २६ जुलै २००५ चा तो प्रलय कोण विसरेल? सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. आमची गाडी त्या पाण्यात बुडाली होती. बिलावर नाव त्याच गृहस्थांचे होते. म्हणजे त्यांना ठाऊक होते.

पुढची सात वर्षे आम्ही एकेक सांधा उघडला, घासला, नवा जोडला. पंधरा वर्षांनंतर गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. २०२४ साली ती तपासणीत पहिल्या फेरीतच पास झाली.

२०२५ च्या जून महिन्यात धाकट्याच्या कॉलेजची फी भरायची होती. गाडी विकायचे ठरले. कोल्हापूरहून एक तरुण आला. एक फेरी मारून म्हणाला, “काका, तुमच्या हातची गाडी आहे. मी काय बघणार?” त्याने पाण्याबद्दल काहीच विचारले नाही.

आता प्रश्न हा, की जो ऐब आम्ही दूर केला, तो सांगावा काय? सांगितला तर लाखभर रुपये तरी कमी होणार. न सांगितला तर खोटे बोललो असेही नाही. आपला १८७२ चा करार कायदा इथे आमच्या बाजूने आहे. त्याच्या सतराव्या कलमात एका घोड्याचे उदाहरण आहे. घोडा सदोष आहे हे विकणाऱ्याला माहीत आहे, लिलावात तो गप्प राहतो. ही फसवणूक नव्हे, असे कायदा म्हणतो. पण पुढचेच उदाहरण विचारात पाडते. घेणारी जर त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर मात्र सांगणे त्याचे कर्तव्य ठरते. म्हणजे परक्याशी गप्प राहिले तर चालते, आपल्या माणसाशी चालत नाही. आणि हा मुलगा तर आम्हाला काका म्हणाला होता!

आमच्या फिकहमध्ये नातेच लागत नाही. विकताना असलेला छुपा ऐब नंतर उघड झाला, तर माल परत करण्याचा हक्क कोणत्याही गिऱ्हाइकाला आहे. आम्ही काम चोख केले आहे असे आम्हाला वाटते. पण एखादा सांधा राहिला असेल, तर तो पुढच्या पावसाळ्यात त्या मुलाला रस्त्यात अडवील. ती जोखीम घ्यायची की नाही, हे ठरवणारे आम्ही कोण?

आम्ही त्याला सगळे सांगितले. तो गप्प झाला, चहा प्यायला, फोन करतो म्हणाला. फोन आला नाही. बेगम म्हणाल्या, “खरं बोललात, चांगलंच केलंत. पण फी काय त्या खऱ्यातून भरायची?” फी पतसंस्थेच्या कर्जातून भरली. हप्ते अजून चालू आहेत. सचोटी आमची आणि हप्ता साऱ्या घराचा, ही टोचणी आहेच.

मित्रमंडळी मुंबईच्या गृहस्थांचे नाव विचारतात. ते ओठांवर येते, आम्ही गिळतो. माणसाचा ऐब झाकावा आणि मालाचा उघडा करावा, असे आम्ही घरात ऐकत वाढलो. बाजारात नेमके उलटे चालते. माल रंगरंगोटीत झाकला जातो आणि शेजाऱ्याचे दोष चव्हाट्यावर मांडले जातात. अर्थात, फसवणे हाच ज्याचा धंदा आहे त्याला झाकणे म्हणजे पुढच्या गिऱ्हाइकाला खड्ड्यात ढकलणे. पण या गृहस्थांनी एकच गाडी विकली, तीही उतारवयात, आणि का, ते आम्हाला माहीत नाही. फी भरायच्या दिवशी गप्प राहावेसे आम्हालाही वाटले होते.

गाडी अजून दारात आहे. गालिच्याखालची ती माती आम्ही एका बाटलीत भरून ठेवली आहे. गिऱ्हाईक आले की आधी बाटली पुढे ठेवतो, मग ऑगस्ट २००५ चे बिल दाखवतो. दाखवताना नावावर अंगठा ठेवतो.