स्थैर्य श्रेष्ठ की जबाबदारी?

राज्यपद्धतींची तुलना करताना मूळ प्रश्न नैतिक आहे : सत्ताधाऱ्याने जाब केव्हा द्यावयाचा? अमेरिकेचा अध्यक्ष ४ वर्षांसाठी निवडला जातो; महाभियोगाने आजवर एकही अध्यक्ष पदच्युत झालेला नाही. उलट, ब्रिटनमध्ये १९७९ साली कॅलहॅन सरकार अवघ्या एका मताने कोसळले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत डॉ. बाबासाहेबांनी हा भेद उलगडला : अमेरिकन पद्धतीत स्थैर्य अधिक, ब्रिटिश पद्धतीत जबाबदारी अधिक, मसुद्याने जबाबदारी पत्करली. कारण तेथे सत्तेची झडती केवळ निवडणुकीत नव्हे, रोज होते. प्रश्नांनी, ठरावांनी, चर्चेने. सरकार पडल्याने दुबळ्याचे फारसे बिघडत नाही. त्याची दाद कोणीच घेतली नाही तर मात्र त्याचे सर्वस्व बुडते. म्हणून जबाबदारीच श्रेष्ठ. परंतु विचारणाराच मुका झाला, तर ती कागदावरच उरते. बंधुभगिनींनो, जाब विचारणे हे आपले कर्तव्य आहे.