घट आणि तूट

नागपुरातील इतवारीच्या धान्यबाजारात ज्याने वह्या लिहिल्या असतील, त्यास 'घट' हा शब्द समजावून सांगावयास नको. कोठारातील धान्य वाळते, वजन उतरते आणि तेवढी घट खर्ची पडते. निसर्गाने नेली ती घट व माणसाच्या हातून गेली ती तूट. परंतु घटीच्या रकान्यात तूट दडविण्याचा मोह फार जुना आहे. तोच मोह एका नव्या वहीत किती घातक होतो, याचा विचार आम्हांस येथे कर्तव्य आहे.

ही वही किरणोत्सर्गी द्रव्यांची होय. अणुखनिजांचा शोध करणाऱ्या केंद्रीय संचालनालयाचे विभागीय कार्यालय याच शहरात आहे, आणि रुग्णालयांतून आयोडीन-१३१ सारखी द्रव्ये औषध म्हणून वापरली जातात. हे आयोडीन ८ दिवसांत निम्मे होते. कारखान्यांतील मापकयंत्रांत असणाऱ्या सीझियम-१३७ ला त्यासाठी ३० वर्षे लागतात. येथे घट हा सृष्टिनियमच असल्यामुळे नोंद ठेवणारास सबब आयतीच मिळते: एखादी कुपी सापडली नाही, तर 'विरून गेली असेल' असे म्हणून वही मिटता येते.

कोणी म्हणेल की, ज्याचे तेज क्षीण आहे अशा वस्तूसाठी एवढा खटाटोप कशास? आपल्या शरीरातील पोटॅशियमही किंचित् किरणोत्सर्गी असतेच. हा आक्षेप अगदीच पोकळ नव्हे. परंतु अमुक वस्तू उपेक्षणीय आहे, हा निर्णय मोजणीनंतर करावयाचा असतो, मोजणीऐवजी नव्हे.

या भेदाची किंमत दिल्लीत एका मजुराने दिली. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनविभागातील एक यंत्र १९८५ पासून पडून होते. २०१० मध्ये ते लिलावात भंगार म्हणून विकले गेले. आतील कोबाल्ट-६० सुमारे सव्वापाच वर्षांत निम्मे होते. म्हणजे त्या २५ वर्षांत त्याचा सुमारे सत्ताविसावा हिस्साच उरला होता. मायापुरीच्या भंगारबाजारात तेवढ्याने एकाचा प्राण घेतला व कित्येकांस रुग्णशय्येवर टाकले. ते द्रव्य अल्प नव्हते. केवळ विस्मृतीने त्यास शून्य मानले होते.

तेव्हा अशा वहीत दोन प्रश्न निरनिराळे ठेवले पाहिजेत: तेज किती उरले, आणि वस्तू कोठे आहे? पहिल्याचे उत्तर गणिताने घरबसल्या मिळते. दुसऱ्यासाठी उठून कपाट उघडावे लागते. तेज विरते, पण ते जीत कोंडलेले असते ती धातूची डबी विरत नाही.

आणि कपाट रिकामे निघाले तर? तसे स्पष्ट लिहिणाऱ्या कनिष्ठ सेवकास जेथे प्रथम शिक्षा होते, तेथे पुढील सर्व वह्या बिनचूक दिसतील व सर्व खोट्या असतील. म्हणून खरेपणाचा भार एकट्या लेखनिकावर टाकणे आम्हांस अन्यायाचे वाटते. तूट ऐकून घेण्याचे धैर्य वरिष्ठांनी आधी दाखविले पाहिजे. सीझियमाची नोंद करणारा निवृत्त होईल तेव्हाही त्याचे निम्मे द्रव्य शिल्लकच असेल. ज्याच्या हाती ते पुढे पडेल, त्यास ना त्याचा वास येईल, ना ऊब लागेल. त्या अनोळखी माणसास सावध करणारे असे त्या वहीतील एका ओळीवाचून दुसरे काही नसेल.