पश्चात्ताप मागायचा कुणी?

२०१६च्या जानेवारीत एका इंग्रजी वृत्तवाहिनीवर सनी लिओनीची मुलाखत झाली. मुलाखतकाराचे बहुतेक प्रश्न एकाच दिशेचे होते: भूतकाळ टोचत नाही का, केलं त्याची खंत वाटत नाही का, प्रतिष्ठित नट तुमच्यासोबत काम करतील का. तिने आवाज चढवला नाही आणि माफीही मागितली नाही. जे केलं त्यातूनच आज इथवर आले, असा तिच्या उत्तराचा सूर होता. पुढे बराच काळ चर्चा चालली ती मुलाखतकाराच्या उद्धटपणाची. मूळ प्रश्न मात्र बाजूलाच राहिला. एखाद्या व्यक्तीने आपल्या मते पाप केलं असेल, तर तिच्याकडे पश्चात्ताप मागण्याचा अधिकार समाजाला कुठून मिळतो? हा प्रश्न शिष्टाचाराचा नाही, धर्माचा आहे. त्याचं उत्तर आपल्याच परंपरेत शोधलं, तर मुलाखतकाराच्या खुर्चीत बसलेल्यांची, म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांची, बाजू फार लंगडी ठरते.

आधी प्रकरण काय ते पाहू. सनी लिओनी म्हणजे करनजीत कौर व्होरा. १९८१ साली कॅनडातल्या सार्निया गावी एका पंजाबी शीख कुटुंबात जन्म, किशोरवयात अमेरिकेत स्थलांतर, २००३मध्ये तिथल्या एका प्रौढांच्या मासिकाचा मोठा किताब. पुढे अश्लील चित्रपटांत अभिनय, आणि नंतर पतीबरोबर स्वतःची कंपनी काढून दिग्दर्शन व निर्मितीही. २०११मध्ये ‘बिग बॉस’च्या निमित्ताने ती भारतात आली, २०१२मध्ये ‘जिस्म २’ आला आणि मुंबई तिचं घर झालं. २०१५मध्ये तिच्याविरुद्ध डोंबिवलीत अश्लीलतेची तक्रार दाखल झाली. त्याच वर्षी एका डाव्या पक्षाच्या नेत्याने तिच्या कंडोमच्या जाहिरातीचा संबंध थेट बलात्कारांशी जोडला. आणि याच काळात अनेक वर्षं इंटरनेटवर भारतीयांनी सर्वाधिक शोधलेल्या नावांत तिचं नाव अग्रभागी होतं. तक्रार करणारे आणि शोधणारे हे दोन वेगळे देश नव्हते. ज्याच्या मागणीवर धंदा उभा आहे तोच जर न्यायासनावर बसत असेल, तर तो न्याय कसला, या शंकेपासून विचार सुरू करावा लागतो.

प्रायश्चित्ताच्या बाबतीत धर्मशास्त्राची रीत काय होती? ज्याला आपल्या हातून दोष घडला असं वाटे, त्याने स्वतःहून विद्वानांच्या परिषदेपुढे जावं, दोष सांगावा आणि उपाय विचारावा. पश्चात्तापाची सुरुवात दोषी माणसाच्या मनात व्हायची, परिषद फक्त वाट दाखवायची. प्रत्यक्षात समाज एवढ्यावर थांबला नाही. बहिष्काराचं हत्यार उगारून त्याने प्रायश्चित्त वसूल केलं. त्यातून काय साधतं याचा उत्तम नमुना पुण्यात आहे. १८९०मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा समोर आला म्हणून रानडे, टिळक आणि इतर मंडळींवर ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचं प्रकरण, गुदरलं. शेवटी रानड्यांनी नातलगांसाठी प्रायश्चित्त घेतलं. टिळकांनी आपण काशीत प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. कुणाच्याही अंतःकरणात चहाबद्दल खंत उत्पन्न झाली नाही आणि पुण्यातला चहा काही थांबला नाही. सक्तीने मिळालेल्या प्रायश्चित्तातून मागणाऱ्याचा अहंकार सुखावतो, देणाऱ्याचं मन होतं तिथेच राहतं. ज्या पश्चात्तापाला आध्यात्मिक मोल आहे तो मागून मिळत नाही, आणि जो मागून मिळतो त्याला ते मोल नसतं.

यावर कुणी म्हणेल की चहा कुठे आणि देहाचा बाजार कुठे. उदाहरण फार सौम्य झालं. मग देहाच्या बाजाराचंच उदाहरण घेऊ, आणि तेही भागवतातलं. एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. पृथ्वी, वायू, आकाश अशी ती नावं आहेत, आणि त्यांत विदेह नगरीतली पिंगला नावाची वेश्याही आहे. पैठणच्या एकनाथांनी काशीत १५७३ साली पूर्ण केलेल्या एकनाथी भागवतामुळे ही कथा मराठी कीर्तनात रुजली. पिंगला नटूनथटून दारात उभी राहते. येणारा प्रत्येक जण धनवान गिऱ्हाईक असावा अशी आशा धरते, तो पुढे निघून गेला की पुढच्याची वाट पाहते. मध्यरात्र होते, कुणी येत नाही, आणि त्या थकव्यातून तिला वैराग्य सुचतं. आपलं सुख आपण कुणाकुणाच्या हाती सोपवलं, हे तिला दिसतं. आशा सोडून ती शांत झोपी जाते. या कथेत नगरातल्या कुणीही तिला जाब विचारलेला नाही. तीही नगराची माफी मागत नाही. ती आपल्या देहाची आणि लोभाची कठोर निर्भर्त्सना करते, पण ती ऐकायला तिच्याशिवाय कुणी नसतं. अवधूताने यातून काढलेलं सार तर देहविक्रयाबद्दलचंही नाही. आशा हे सर्वांत मोठं दुःख आणि आशेचा त्याग हे सर्वांत मोठं सुख, एवढंच तो शिकतो.

कथेतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट श्रोता ही आहे. अवधूत हा विरक्त पुरुष. पिंगलेच्या रात्रीची हकीकत त्याला कळते तेव्हा तो ‘बरं झालं, सुधारली’ असं म्हणत नाही. तो तिला गुरू म्हणतो. म्हणजे ती गोष्ट तो स्वतःवर लावून घेतो: माझीही कुठली आशा मला अशीच दारात उभी करते? परंपरेने बदनाम स्त्रीची कथा सांगितली ती ऐकणाऱ्याने आत पाहावं म्हणून. आपण नेमकं उलट करतो. तीच कथा हातात घेतो आणि दारातल्या बाईकडे बोट दाखवतो. दारापुढून गेलेला, थबकलेला, मोलभाव करणारा जो कुणी होता, तो आपल्या कथनातून गायब असतो.

इथे सर्वांत सयुक्तिक आक्षेप येतो. पिंगलेने शेवटी तो मार्ग सोडलाच की. वैशालीच्या आम्रपालीनेही नंतर प्रव्रज्या घेतली. मंगळवेढ्याच्या कान्होपात्रेने तर आईचा, शामेचा, व्यवसाय मुळातच नाकारला. बीदरच्या बादशहाचं बोलावणं आलं तेव्हा तिने पंढरपुरात विठ्ठलाच्या पायी प्राण ठेवला, असं परंपरा सांगते. मग या कथा निर्विकार कशा? त्या त्यागाचाच गौरव करतात. हे खरं आहे आणि नाकारण्याचं कारण नाही. पण क्रम पाहावा. बुद्धांनी आम्रपालीचं भोजनाचं निमंत्रण स्वीकारलं तेव्हा ती गणिकाच होती. आधी व्यवसाय सोड, मग येतो, अशी अट त्यांनी घातली नाही. नंतर लिच्छवी सरदार निमंत्रण घेऊन आले, तेव्हा तिला दिलेला शब्द त्यांनी मोडला नाही. आदर आधी मिळाला, त्याग नंतर आला, आणि तो तिचा स्वतःचा होता. कान्होपात्रेच्या कथेत तर दोषाचं माप स्पष्टच उलटं आहे. तिथे पापी ठरते ती सत्तेची मागणी. वारकऱ्यांनी शामेच्या मुलीला संतमालिकेत बसवलं, बादशहाला नव्हे.

दुसरा आक्षेप याहून जड आहे, कारण तो बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाने येतो. १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये मुरळ्या, जोगतिणी, देवदासी आणि कामाठीपुऱ्यातल्या स्त्रियांपुढे बोलताना त्यांनी तो धंदा सोडण्याचं अत्यंत कठोर शब्दांत आवाहन केलं. मग समाजाने मागणी करू नये हे कसं मानायचं? उत्तर असं की त्यांच्या मागणीमागचं कारण वेगळं होतं. जातीने आणि दारिद्र्याने विशिष्ट घरांतल्या मुलींवर लादलेल्या व्यवस्थेतून त्या मुली सुटाव्यात आणि समाजाने स्वाभिमानाने उभं राहावं, हे त्यांना हवं होतं. ते त्या स्त्रियांच्याच समाजातून, त्यांच्यासमोर उभे राहून बोलले, त्यांच्या दाराशी गेलेल्या गिऱ्हाइकांच्या बाजूने नव्हे. त्यांच्या भाषेची धार आज कुणाला बोचेल, पण मागणी मुक्तीची होती. सक्ती असेल तिथे सक्ती मोडा, हा धर्म. जिथे प्रौढ व्यक्तीने स्वतः निवड केली आहे, तिथे तीच भाषा उसनी घेतली तर तिचा अर्थच बदलतो.

पण त्या उद्योगातली निवड खरंच मोकळी असते का? पैशाची नड, फसवणूक, नको असताना फिरत राहणारी चित्रफीत, हे सगळं आहे आणि गंभीर आहे. म्हणूनच प्रश्न शुद्धतेचा न ठेवता इजेचा ठेवायला हवा. कुणावर जबरदस्ती झाली का, कुणाची संमती चोरली गेली का, कुणाच्या आरोग्याशी खेळ झाला का? हे प्रश्न विचारले की उपाय सापडतात. शुद्धतेचा प्रश्न विचारला की फक्त बळी सापडतात. महाराष्ट्राला याचा अनुभव आहे. २००५मध्ये राज्याने डान्स बार बंद केले, पण तारांकित हॉटेलांना सूट ठेवली. बघणारा श्रीमंत असला की तोच नाच नीतीत बसत होता. उच्च न्यायालयाने २००६मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३मध्ये ती बंदी रद्द ठरवली. बेरोजगार झालेल्या अनेक स्त्रिया बंदीमुळेच देहविक्रयाकडे ढकलल्या गेल्या, हेही न्यायालयासमोर आलं. पाहणाऱ्याला हात न लावता दाखवणारीला शुद्ध करायला निघालेल्या नीतीचं फळ हे असं असतं.

मराठवाड्यात हा हिशेब अधिक जवळून दिसतो. बीडहून सोलापूरकडे निघालं की थोड्याच अंतरावर पाली लागते. तिथे दत्ता आणि संध्या बारगजे यांची ‘इन्फंट इंडिया’ ही संस्था एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांना सांभाळते. या आजाराला अजूनही ‘पापाचं फळ’ म्हणणारी तोंडं आहेत. फळ म्हणायचं तर ते जन्मतःच विषाणू घेऊन आलेल्या पोराच्या पदरात कुठल्या कर्मामुळे पडलं? पूर्वजन्माचं कर्म, असं उत्तर तयार असतं. पण कर्माचा सिद्धांत माणसाने स्वतःच्या वागण्याचा जाब स्वतःला द्यावा यासाठी आहे, दुसऱ्याच्या दुःखाकडे पाठ फिरवण्याची सोय म्हणून नाही. शेजारच्या लातूर जिल्ह्याने २०१७मध्ये आणखी एक गोष्ट पाहिली. तिथल्या एका मुलीला सनी लिओनी आणि तिच्या पतीने दत्तक घेतलं. त्याआधी अनेक कुटुंबांनी त्या मुलीला नाकारलं होतं, आणि नकारामागे रंगाचंही कारण असल्याचं दत्तक यंत्रणेच्या प्रमुखांनी तेव्हा जाहीरपणे सांगितलं. या एका कृतीने कुणी संत होत नाही आणि तिने मागच्या कशाची परतफेडही होत नाही. मुलीला कुणाच्या पुण्यखात्यातली जमा समजणं हा तिचाही अपमान आहे. पण नाकारणाऱ्या घरांकडे पश्चात्ताप कुणी मागितला नाही, हे ध्यानात घ्यावं. त्यांचा भूतकाळ स्वच्छ धरला गेला, कारण तो पडद्यावर नव्हता.

शेवटचा आक्षेप पिढीबद्दलचा. मागणीच केली नाही, तर हातात मोबाइल असलेल्या मुलांना वाटेल की यात गैर काहीच नाही. काळजी रास्त आहे. पण एका नटीच्या जाहीर माफीने कुणाचा मोबाइल बंद होणार नाही, आणि २०१५मध्ये सरकारने शेकडो संकेतस्थळं बंद करण्याचा आदेश काढून काही दिवसांतच सैल केला, त्यानेही झालेला नाही. मुलांना सांगण्यासारखं जे आहे ते पिंगलेच्या कथेतच आहे. सुखासाठी अनोळखी देहांच्या अखंड रांगेपुढे ताटकळणारं मन स्वतंत्र राहत नाही. पडद्यापुढे बसलेला तोच तो पुढच्याची वाट पाहणारा. हे त्याला अपमान न करता सांगता येतं, कारण हे पापाचं नव्हे, पारतंत्र्याचं वर्णन आहे. बीड जिल्ह्यात गावोगावी हरिनाम सप्ताह होतात आणि एकादश स्कंधातली आख्यानं तिथे रंगतात. पिंगलेचं आख्यान लागेल तेव्हा कीर्तनकाराने मंडपातल्या पुरुषांना अवधूताच्या जागी बसवावं आणि विचारावं की तुमची आशा तुम्हाला कुठल्या दारात उभी करते. त्या प्रश्नाचं उत्तर ज्याचं त्यानेच द्यायचं आहे. आणि ते देण्यात गुंतलेल्या माणसाला दुसऱ्याकडे पश्चात्ताप मागायला सवड उरणार नाही.