रतामाच्या झाडाखालीं निजलेला संदेष्टा

(१ राजे, अध्याय १९, वचनें १ ते ८)



एलीया संदेष्ट्याचें नांव घेतलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें कर्मेल डोंगर उभा राहतो. आकाशांतून अग्नि पडला, बआलाचे चारशें पन्नास संदेष्टे लज्जित झाले, अवर्षण सरून पाऊस आला. हा भाग आपण शब्बाथशाळेंत मुलांस आवडीनें शिकवितों. पुढचा अध्याय मात्र आपण भरभर वाचून टाकितों. मीं स्वतः सेमिनरींतून बाहेर पडल्यावर कित्येक वर्षें त्या अध्यायांतील मंद वाणीवरच उपदेश केला. त्या वाणीच्या अगोदर जें घडलें, त्याकडे माझें लक्ष गेलें नाहीं.

ईजबेल राणीचा निरोप आला आणि ज्यानें राजापुढें मान वांकविली नव्हती तो मनुष्य जीव घेऊन पळाला. बैरशेबा येथें त्यानें आपल्या चाकरास मागें ठेविलें. खिन्न झालेला मनुष्य बहुधा प्रथम हेंच करितो. सोबत्यास दूर सारितो. मग रानांत एक दिवसाची वाट एकटाच चालून तो रतामाच्या झाडाखालीं बसला आणि आपणांस मरण यावें असें देवाजवळ मागूं लागला. आपण वाडवडिलांहून कांहीं बरे नाहीं, असें त्यास वाटूं लागलें. हा अविश्वासी मनुष्य नव्हे. थोड्या दिवसांपूर्वीं ज्याच्या प्रार्थनेनें पाऊस पडला तोच हा.

आतां देवानें काय केलें तें पाहा. त्यानें त्यास दटाविलें नाहीं. कोणतें पाप लपविलें आहेस, असें विचारिलें नाहीं. कर्मेलाची आठवण देऊन लाजविलें नाहीं. त्यानें त्यास निजूं दिलें. मग दूतानें येऊन हात लाविला. उशाशीं निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाण्याचें भांडें होतें. एलीयानें खाल्लें आणि तो पुन्हां निजला, तरी देव रागावला नाहीं. दूत दुसऱ्यानें आला, वाट लांबची आहे हें त्यास सांगितलें आणि पुन्हां खावयास लाविलें. प्रश्न, उत्तर, नवें काम, हें सर्व पुढें होरेबावर झालें, आणि तेथून निघाल्यावर त्यास अलीशा हा सोबती मिळाला.

आमच्या मंडळ्यांत आम्ही नेमकें ह्याच्या उलट करितों, आणि करणाऱ्यांत मी पुढें होतों. तो अपराध आज सांगतों.

बारा वर्षांपूर्वीं एका खेड्यांत आमच्या मंडळींतील एका तरुण बहिणीस दुसरें मूल झालें. बाळंतपण सुखरूप पार पडलें. परंतु सवा महिना उलटला तरी ती बाळास जवळ घेईना. पहांटे तीन वाजतां जागी होऊन ओट्यावर बसून राही. भाकरी थापतां थापतां तिचा हात थांबे व तवा जळत राही. सासूनें प्रथम दृष्ट काढिली. मग रात्रींच्या वेळीं देवऋषीकडे नेलें, तें मजपासून लपविलें. मजकडे निरोप आला तो इतकाच कीं, सुनेच्या अंगांत कांहीं शिरलें आहे, प्रार्थनेस यावें. मी वडीलजनांस घेऊन गेलों. आम्हीं तिच्या भोंवतीं उभे राहून मोठमोठ्यानें प्रार्थना केली, आणि मग मीं तिला सर्वांदेखत विचारिलें, "बाई, मनांत कांहीं पाप दडवून ठेविलें आहे काय?" ती कांहींच बोलली नाहीं. पुढच्या रविवारापासून ती उपासनेस येईनाशी झाली, आणि नळावर बायका तिच्या हंड्याशेजारीं आपला हंडा ठेवीनात. देवऋषीनें तिच्या अंगावर राख टाकिली होती. मीं संशय टाकिला. दोहोंत राख बरी, ती धुतां तरी येते.

तिचें दुखणें ओळखिलें तें गांवच्या आशा कार्यकर्तीनें. ती आपल्या मंडळींतली नव्हे. ती तिला जिल्हा रुग्णालयांत घेऊन गेली. हा बाळंतपणानंतर होणारा मनाचा आजार आहे, पुष्कळ स्त्रियांस होतो, औषधानें व घरच्यांच्या आधारानें बरा होतो, असें डॉक्टरांनीं सांगितलें. चार महिन्यांनीं ती बाळास मांडीवर घेऊन अंगणांत बसलेली मीं पाहिली. मी जवळून गेलों, तेव्हां तिनें पदर पुढें ओढून घेतला.

डॉक्टर ज्यास डिप्रेशन म्हणतात तो नैराश्याचा आजार आणि रोजचें दुःख ह्यांत भेद आहे. आई वारली, पीक गेलें, मुलगा नापास झाला, तर मनुष्य रडतो, आणि रडावेंच. परंतु दोन आठवडे किंवा अधिक काळ, बहुतेक रोज, कशांतच गोडी वाटत नाहीं, झोंप व भूक बिघडते, आपण निरुपयोगी आहों असें सारखें वाटतें, मरणाचे विचार येतात, तेव्हां तो आजार समजावा. आपल्या खेड्यांतले लोक "मन उदास आहे" असें क्वचितच म्हणतात. ते म्हणतात डोकें जड झालें, अंग मोडून आलें, छातींत धडधडतें. मग सलाईनची बाटली लागते, ताकदीच्या गोळ्या मिळतात आणि आजार जेथल्या तेथें राहतो. त्याचें कारण एकच नसतें. कोणाच्या घराण्यांत तो असतो. कोणास बाळंतपण, कोणास कर्ज, दारू, लांबलेलें दुखणें किंवा थायरॉईडचा बिघाड निमित्त होतो. औषधाचा गुण दिसण्यास दोन ते चार आठवडे, कधीं त्याहून अधिक लागतात. तोंवर रोगी गोळ्या फेंकून देण्याचा संभव फार. बरें वाटलें म्हणून डॉक्टरांस न विचारतां मध्येंच बंद करणें हेंही तितकेंच वाईट. मधुमेह झाला तर, विश्वास कमी पडला, असें आपण कोणास म्हणत नाहीं. येथेंच कां म्हणतों?

हें सर्व मी पुस्तकांत वाचून सांगत नाहीं. चार वर्षांपूर्वीं, माझी आई वारली त्यानंतरच्या पावसाळ्यांत, मलाही ह्या आजारानें धरिलें. वेदीजवळ उभा राहून मीं आनंदाविषयीं उपदेश करावा, आणि घरीं येऊन बुटांचे बंद सोडण्याची शक्ति अंगांत असूं नये, अशी माझी दशा होती. शेवटीं पत्नीनें हट्ट धरिला तेव्हां डॉक्टरांकडे गेलों. पण आमच्या तालुक्यांत नव्हे, दुसऱ्या जिल्ह्याच्या गांवीं, जेथें मला ओळखणारें कोणी नव्हतें. रक्तदाबाच्या गोळ्या माझ्या टेबलावर उघड्या पडलेल्या असत. ह्या गोळ्या मात्र मी कपाटांतल्या जाड भाष्यग्रंथांच्या मागें ठेवीत असें. कोणी जरा वेडेंवाकडें बोललें कीं, "ह्यास येरवड्यास पाठवा," अशी आपल्याकडे थट्टा करितात. मुंबईकडे ठाण्याचें नांव घेतात. मींही ती थट्टा केली होती, म्हणूनच मला तिचें भय वाटत होतें. स्पर्जनसाहेबांचे उपदेश आपल्यापैकीं पुष्कळ उपदेशकांनीं वाचिले आहेत. १८५६ सालीं लंडनांत त्यांच्या उपासनेंत आग लागल्याची खोटी आरोळी उठली व चेंगराचेंगरींत सात माणसें मेलीं. ते तेव्हां अवघे बावीस वर्षांचे होते. त्या धक्क्यानें ते अगदीं खचले, आणि खिन्नता त्यांना पुढेंही गांठीत राहिली. ती त्यांनीं आपल्या विद्यार्थ्यांपासून लपविली नाहीं. मजजवळ तेवढें धैर्य नव्हतें.

आपणांस मराठींत शास्त्र मिळालें, त्याच्या मागेंही असें एक घर आहे. विल्यम केरी ह्यांनीं १८०५ सालीं मराठीचें व्याकरण छापिलें व १८११ सालीं मराठी नवा करार बाहेर आला, हें आम्ही सेमिनरींत पाठ केलें. त्यांची पत्नी डोरोथी हिच्याविषयीं मात्र चार ओळींपलीकडे आम्हांस कोणी शिकविलें नाहीं. ती मनाविरुद्ध, कडेवर तान्हें मूल घेऊन, १७९३ सालीं बंगाल्यांत आली. दुसऱ्याच वर्षीं तिचा पांच वर्षांचा पीटर आजारानें गेला. त्यानंतर तिचें मन बिघडलें तें पुन्हां सांवरलें नाहीं. १८०७ सालीं मरेपर्यंत ती कित्येकदां कोंडलेल्या स्थितींत राहिली. तिचा आजार नैराश्याहून निराळा व अधिक भयंकर होता. नवऱ्यावर ती नाहीं नाहीं ते संशय घेई. त्या काळीं त्यावर औषधही नव्हतें. मनाच्या आजारांवर गुणकारी औषधें १९५० नंतर निघालीं. म्हणून केरीसाहेबांस मी दोष देत नाहीं. पण थोर पुरुषाच्या मार्गांतली अडचण, अशीच तिची ओळख कां राहिली? मेलेल्या लेंकरासाठीं झुरणारी आई, असें आम्हांस कोणी कां सांगितलें नाहीं?

उपदेशक बंधूंनो, असें घर तुमच्या फेरींत येईल, तेव्हां प्रथम जमाव घेऊन जाऊं नका. एकटे किंवा पत्नीस घेऊन जा आणि बसा. प्रार्थना थोडक्यांत व हळू आवाजांत करा. ८८ वें स्तोत्र वाचून दाखविण्यास भिऊं नका. तें अंधारांतच संपतें, तरी तें शास्त्रांत आहे. मरणाचे विचार येतात काय, असें स्पष्ट विचारा. विचारल्यानें ते मनांत शिरतात हा गैरसमज आहे. उलट कोणी तरी विचारलें म्हणून मनुष्य बोलूं लागतो. येतात असें तो म्हणाला तर त्यास एकटा सोडूं नका, आणि घरांतील कीटकनाशकाच्या बाटल्या त्याच दिवशीं हलवून दुसरीकडे कुलपांत ठेववा. रुग्णालयांत त्याच्याबरोबर जा. केसपेपर काढण्याच्या रांगेंत तुम्ही उभे राहा. १४४१६ ह्या सरकारी क्रमांकावर फोन केल्यास फुकट व मराठींत सल्ला मिळतो. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्यास पोलीस धरून नेतील ह्या भीतीनें पुष्कळ घरें गप्प बसतात. २०१७ च्या मानसिक आरोग्याच्या कायद्यानें असा मनुष्य भारी ताणाखालीं होता असेंच धरावयाचें, त्यास शिक्षा करावयाची नाहीं, असें ठरविलें आहे. भूत काढण्याच्या नांवाखालीं कोणास बांधणें वा मारणें हा तर महाराष्ट्रांत २०१३ पासून गुन्हा आहे. तें करणाऱ्याच्या हातांत शास्त्र असलें म्हणून तो कमी होत नाहीं.

गेल्या महिन्यांत मी त्या बहिणीच्या घरीं गेलों. मूल आतां बारा वर्षांचें झालें आहे. तें शाळेंत गेलें होतें. मीं सांगितलें, "बाई, त्या दिवशीं सर्वांदेखत मीं तुम्हांस जें विचारिलें तें पाप होतें, आणि तें माझें होतें. मला क्षमा करा." ती पुष्कळ वेळ चुलीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "पाळकसाहेब, तेव्हां मला बाळ दिसायचं, पण ते माझं वाटायचं नाही. एवढंच सांगायचं होतं, पण कोणी विचारलंच नाही." मीं माझ्या गोळ्यांची गोष्ट तिला सांगितली, पत्नीखेरीज ती ऐकणारी ती पहिली. तिची सासू आंत पीठ मळीत होती. तिनें आंतूनच हांक मारिली, "सायबाला उठू देऊ नको गं, भाकर टाकलीया."