एका तासाचा उपवास

ख्रिस्तशरीर स्वीकारण्याआधी एकेकाळी मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही वर्ज्य असे. १९५३ साली पाण्याला मोकळीक मिळाली, १९५७ साली उपवास तीन तासांवर आला आणि १९६४ साली पोप सहावे पॉल यांनी तो एका तासाचा केला. (आजारी व वृद्धांना तेवढेही बंधन नाही.) कष्टकऱ्यांवरील ती करुणा होती, आपण तिला सूट समजतो. तास कम्युनियनपर्यंत मोजावयाचा असल्याने घरून निघताना घेतलेल्या चहानेही सहसा नियम मोडत नाही. मग सिद्धता ती कोणती? मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू अर्पण वेदीपाशीच ठेवून आधी भावाशी समेट करावयास सांगतो. बांधावरून अबोला धरलेल्या भावाचे घर बहुधा चर्चच्या वाटेवरच असते. तेथे थांबावे, दार ठोठवावे, दोन शब्द बोलावेत. त्यापायी प्रवेशगीत चुकले तरी आमची हरकत नाही.