धाप लागलेल्यांच्या चालीने



दसरा सरला की आपल्या नारायणगड परिसरातले, किंबहुना बीड जिल्ह्यातले कितीतरी कोयते ऊसतोडीला निघतात. मागे उरतात म्हातारी माणसे. त्यांतल्या काहींची छाती जन्मभराच्या चुलीच्या धुराने किंवा बिडीने कायमची अधू झालेली असते. डॉक्टर याला 'सीओपीडी' म्हणतात. श्वासनळ्या आकसतात, आत गेलेली हवा पुरती बाहेर येत नाही, चार पावलांत धाप लागते. हा आजार मुळापासून जात नाही. पण तो क्षयासारखा दुसऱ्याला लागतही नाही. तरी काही घरांत अशा आईचे ताट वेगळे ठेवतात!

मार्कच्या शुभवर्तमानात (2:1-12) चौघे एका पक्षघाती माणसाला उचलून आणतात आणि चक्क छप्पर उघडतात. प्रभूने त्यांचा विश्वास पाहिला. ते त्याचे नातलग होते, असे कुठेच लिहिलेले नाही.

तेव्हा शेजारच्या आजीची चूल घराबाहेर मांडून देणे आपलेही काम आहे. 'सवय लागेल' म्हणून त्यांचा पंप कोणी बंद करू नये. डॉक्टरांनी सांगितला तसाच घ्यावा. धाप लागली की घाई न करता जवळ बसावे, ओठ चंबूसारखे करून सावकाश श्वास सोडायला सांगावे. मिस्सेला येताना त्यांच्या चालीने चालावे, उशीर झाला तरी चालेल. ज्यांना येणेच जमत नाही त्यांची नावे फादरांना कळवा. ख्रिस्तप्रसाद घरी आणता येतो.

आणि फडावरच्या मुलाला फोन लावून द्या. आईला फार बोलवत नाही. त्यानेच जास्त बोलावे.