न भरलेला घड

तापी आणि सातपुडा यांच्या मधल्या पट्ट्यात रावेर तालुका आहे. तिथं नजर जाईल तिथवर केळीच्या बागा. अशाच एका बागेच्या मालकाला एक मुलगा होता.

एका उन्हाळ्यात मुलगा धुळ्याला मामाकडे राहायला गेला. मामेभाऊ कॉलेजात शिकत होता. तो रात्री मोबाइलवर बुद्धिबळ खेळायचा. एका डावाला प्रत्येकाकडे तीनच मिनिटं. मुलाला ते फार आवडलं. तो मोहऱ्यांच्या चाली शिकला आणि मामेभावासमोर बसला. सगळे डाव हरला.

मामेभाऊ म्हणाला, "तू फार हळू आहेस रे."

एवढं एकच वाक्य घेऊन मुलगा गावी परत आला. आता त्याने वेग धरला. रोज रात्री जेवण झालं की तो अनोळखी माणसांशी डाव लावायचा. समोरच्याने खेळी केली की याचं बोट पडलंच. कधी घोडा फुकट जायचा, कधी वजीर. डाव हरला की तो लगेच दुसरा लावायचा. तोही हरला की तिसरा. खेळणाऱ्याच्या नावापुढे गुणांचा आकडा असतो. तो आकडा उतरत चालला.

मुलाला वाटलं, फोन जुना आहे, म्हणून बोट अडतं. केळीचे पैसे आले तेव्हा हट्ट करून त्याने वडिलांकडून नवा फोन घेतला. नव्या फोनवर तो आणखी लवकर हरू लागला.

त्या बागेत एक म्हातारा कापणीला यायचा. सगळे त्याला आबा म्हणत. आबा लहानपणी मारुतीच्या पारावर बुद्धिबळ शिकले होते, तेही जुन्या देशी नियमांनी. त्या नियमांत प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर पुढे जातं. एकदा दुपारच्या सुटीत त्यांनी मुलाचा फोन पाहिला. म्हणाले, "मला हे नवे नियम सांग बरं."

मुलाने सांगितले. आबांनी ऐकून घेतले, आणि दुसऱ्या दिवशी घरचा लाकडी पट घेऊन आले.

पहिला डाव मुलगा हरला. तो म्हणाला, "आबा, घड्याळ नव्हतं म्हणून तुम्ही जिंकलात. पाच-पाच मिनिटं लावून खेळू."

फोनचं घड्याळ करून मध्ये ठेवलं. मुलगा भराभर खेळला. आबांची काही घाई दिसत नव्हती. तरी डाव संपला तेव्हा आबांची तीन मिनिटं शिल्लक होती आणि मुलाच्या राजाला मात झाली होती.

मुलाने विचारलं, "तुम्ही एवढ्या लवकर कसं खेळता?"

आबा म्हणाले, "उद्या कापणीला ये."

दुसऱ्या दिवशी पहाटे मुलगा बागेत गेला. आबा कोयता घेऊन ओळीतून चालत होते. चार झाडं सोडली, पाचवं कापलं. दोन सोडली, लगेच पुढचं कापलं. कुठं थांबले नाहीत. मागचा गडी खांद्यावर घड झेलत होता आणि त्याला धाप लागत होती.

"मी कापू?" मुलाने विचारलं.

आबांनी कोयता दिला. मुलगा आबांच्याच वेगाने चालू लागला. त्यानेही काही झाडं सोडली, काही कापली. ओळ संपली तेव्हा तो खूश होता.

मग व्यापाऱ्याचा माणूस आला. त्याने मुलाने कापलेले घड उलटसुलट करून पाहिले. केळ्याच्या धारा अजून उभ्या होत्या. केळं भरलं की धारा बुजतात आणि ते गोल दिसू लागतं. यातलं एकही भरलेलं नव्हतं. माणसाने ते घड बाजूला काढून ठेवले.

वडील आले. त्यांनी घडांचा ढीग पाहिला.

आबा म्हणाले, "कोयता मी दिला होता. माझ्या मजुरीतून कापा."

वडिलांनी मजुरी कापली नाही. पण मुलाची मान खाली गेली. कापलेला घड पुन्हा झाडाला लागत नाही.

संध्याकाळी त्याने विचारलं, "आबा, तुम्ही तर झाडाकडे बघतही नाही. मग कळतं कसं?"

"बघतो," आबा म्हणाले. "मी कापायला शिकलो तेव्हा पहिला हंगाम मला कोयता दिलाच नव्हता. उस्तादामागून चालायचं आणि प्रत्येक घडाला हात लावायचा. भरलाय का ते तोंडाने सांगायचं. चुकलं की उस्ताद पुन्हा हात लावायला लावायचा. आता लांबूनच दिसतं."

मुलाने विचारलं, "मग बुद्धिबळातही तसंच करायचं?"

आबांनी पट मांडला आणि फोन वडिलांकडे ठेवायला दिला.

आता घड्याळ नव्हतं. समोरच्याची खेळी झाली की मुलाने मोहऱ्याला हात न लावता दोन गोष्टी मोठ्याने सांगायच्या. ही खेळी कशासाठी केली? आणि माझं कोणतं मोहरं बिनजोर, म्हणजे आधाराशिवाय, आहे? हे सांगून झालं की मग खेळायचं. एक डाव संपायला संध्याकाळ लागायची. मुलगा कंटाळायचा. कधी सांगायचं विसरायचा. आबा काही न बोलता त्याचं बिनजोर मोहरं उचलून घ्यायचे.

मग आबांनी त्याला एक वही आणायला सांगितली. म्हणाले, "फोनमध्ये तुझे जुने डाव आहेत ना? हरलेले काढ. कुठं हरलास ते एका ओळीत लिही."

मुलाने लिहायला घेतलं. घोडा बिनजोर होता. वजीर आणि हत्ती एकाच घोड्याच्या माऱ्यात सापडले. किल्लेकोट केला, पण राजापुढची प्यादी हलवली नाहीत. हत्ती शेवटच्या रांगेत आला आणि मात. पुन्हा घोडा बिनजोर. पुन्हा शेवटची रांग. पानं भरत गेली, पण चुका त्याच चार-पाच निघाल्या. वेळ संपून हरलेले डावही होते. ते उघडून पाहिले तर त्यांतही बहुतेक ठिकाणी मोहरं आधीच गेलेलं होतं. मोहरं गेल्यावर तो विचार करत बसला होता आणि त्यातच मिनिटं सरली होती.

वही वाचून मुलगा बराच वेळ गप्प बसला. आतापर्यंत तो बोटाला दोष देत आला होता.

पुढे आबांनी पटावर दोन राजे आणि एक हत्ती ठेवला. "दे मात." मुलाला येईना. राजा निसटून जायचा. त्यांनी रोज तेवढंच करून घेतलं. हळूहळू मुलाचा हात बसला. बोलता बोलताही मात देता येऊ लागली. सुरुवातीच्या खेळ्याही त्यांनी थोड्याच ठरवून दिल्या. पांढरी घेतली की एक पद्धत, काळी घेतली की एक. रोज नवी सुरुवात करणाऱ्याची निम्मी मिनिटं तिथंच जातात. शिवाय फोनवर मात शोधायची कोडी असतात, ती रोज थोडी सोडवायची. चुकलं तर उत्तर न बघता पुन्हा बसायचं.

जुलै आला. २०२५ सालची गोष्ट. जॉर्जियातल्या बाटुमी शहरात महिलांच्या विश्वचषकाची अंतिम लढत चालू होती, आणि दोन्ही खेळाडू भारताच्या. नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख आणि कोनेरू हम्पी. लांब वेळेचे दोन डाव बरोबरीत सुटले. २८ जुलैला जलद डाव ठरले. प्रत्येकीला पंधरा मिनिटं, आणि प्रत्येक खेळीमागे दहा सेकंद वाढीव. हम्पी तेव्हा जलद बुद्धिबळाची जगज्जेती होती.

मुलाने वडिलांकडून फोन मागून घेतला. तो आणि आबा ओट्यावर बसून पाहू लागले. पहिला डाव बरोबरीत सुटला. दुसऱ्यात हम्पीची वेळ कमी उरली आणि तिच्या हातून चूक झाली. काळ्या मोहऱ्यांनी खेळणारी दिव्या जिंकली. विश्वचषक आणि ग्रँडमास्टर किताब, दोन्ही तिला त्याच दिवशी मिळाले.

मुलगा उड्या मारत म्हणाला, "बघा आबा, वेगात जिंकली!"

आबांनी विचारलं, "ही पोरगी कधीपासून खेळते?"

मुलाने शोधून वाचून दाखवलं. २०१४ मध्ये दहा वर्षांखालच्या मुलींत जगज्जेती, २०१७ मध्ये बारा वर्षांखालच्या, २०२४ मध्ये वीस वर्षांखालच्या.

आबा म्हणाले, "मग आजचे डाव तिने आज शिकलेले नाहीत. आणि दुसऱ्या बाईंचंही लक्षात ठेव. एवढी मोठी खेळाडू, पण वेळ सरली की तिचाही हात चुकतो. तुझ्याकडची मिनिटं कुठं खर्चायची, ते ओळखायला शीक."

ऑगस्टात जळगावला जैन हिल्सवर अकरा वर्षांखालच्या मुलामुलींची राष्ट्रीय स्पर्धा भरली. वडील मुलाला घेऊन गेले. मुलगा दारातून पाहत राहिला. त्याच्यापेक्षा लहान पोरं पटासमोर बसली होती. खेळी करायची, घड्याळ दाबायचं, खेळी कागदावर लिहायची, आणि पुन्हा पटाकडे बघायचं. एक छोटी मुलगी एका खेळीवर इतका वेळ बसली की मुलालाच राहवेना. मग तिने उंट उचलला आणि पुढच्या खेळ्या भराभर केल्या. तो डाव तिने जिंकला.

घरी आल्यावर मुलाने स्वतःहून पट मांडला.

आता आबांनी घड्याळ परत दिलं. तीन मिनिटांचं नाही दिलं. पंधरा मिनिटं आणि वर दहा सेकंद, बाटुमीला होतं तेवढं. ते जमू लागल्यावर दहा मिनिटं. मग पाच. बरोबर एक नियम होता: लागोपाठ दोन डाव हरलास की फोन वडिलांकडे, आणि वही काढायची. रागात लावलेला डाव शिकवत नाही, फक्त आकडा उतरवतो. मुलाला हा नियम सगळ्यांत जड गेला. त्याने तो कधी मोडलाही, आणि मोडला त्या रात्री हरतच गेला.

दिवाळीला तो पुन्हा धुळ्याला गेला. मामेभावाने फोन काढला. तीन-तीन मिनिटं.

पहिला डाव मुलगा हरला. दुसराही हरला. त्याने फोन खाली ठेवला आणि वही काढली. मामेभाऊ हसला. मुलाने दोन ओळी लिहिल्या, पाणी प्यायला आणि मग म्हणाला, "आता लाव."

तिसऱ्या डावात सुरुवातीच्या खेळ्या त्याच्या हातून आपोआप झाल्या. घड्याळातली फारशी सेकंदं गेली नाहीत. मध्येच मामेभावाने एक उंट फुकट पुढे केला. पूर्वीचं बोट लगेच पडलं असतं. मुलगा थांबला. ही खेळी कशासाठी? सेकंदं जात राहिली. मग त्याला दिसलं: उंट घेतला की हत्ती शेवटच्या रांगेत येतो. त्याने उंट तसाच सोडला आणि राजापुढचं प्यादं एक घर पुढे केलं.

शेवटी पटावर त्याचा एक हत्ती आणि दोन राजे उरले. घड्याळात थोडीच सेकंदं होती. मामेभाऊ म्हणाला, "वेळ संपणार तुझी." पण ही हत्तीची मात तर रोजची होती. मुलाने विचार न करता राजा सरकवला, हत्ती सरकवला, पुन्हा राजा. वेळ उरली असताना मात झाली.

मामेभाऊ म्हणाला, "तू फार भराभर खेळायला लागलास!"

पुढच्या कापणीला मुलगा बागेत गेला. या वेळी आबांनी लगेच कोयता दिला नाही. मुलगा त्यांच्या मागून चालत राहिला आणि प्रत्येक घडाला हात लावत राहिला. "भरला. नाही भरला. नाही. भरला." दुपारपर्यंत त्याचं एकदाही चुकलं नाही. तेव्हा आबांनी कोयता त्याच्या हातात ठेवला. त्या दिवशी व्यापाऱ्याच्या माणसाने त्याचा एकही घड बाजूला काढला नाही.

वडिलांनी आबांना विचारलं, "पोराला तुम्ही नेमकं काय शिकवलंत?"

आबा म्हणाले, "घाईच्या वेळी हात तेवढंच करतो, जेवढं तो सावकाश शिकलेला असतो. एवढंच."

तुमच्या घरी एखादं पोर रात्री मोबाइलवर बुद्धिबळाचे डाव हरत बसलेलं असेल, तर त्याला रागावू नका आणि नवा फोनही घेऊन देऊ नका. एक लाकडी पट आणा, एक वही आणा, आणि रोज थोडा वेळ त्याच्या समोर बसा.